फळीवरचा ए

शिडी मग लाव. आधी चहा घे, गार होतोय.
फळी एकसष्ट सालापासून तिथेच आहे,
दहा मिनिटांत कुठे पळून जात नाही.

हसलास ना? पाहिलं मी काचेतून.
सगळेच हसतात. शब्द चुकलाय.
कागद, शाई, पाकिटं विकणारी जी स्टेशनरी
तिच्या पोटात ई असतो,
आणि जागचं न हलणारं जे स्टेशनरी
त्याच्या पोटात ए.
कानाला एकच, डोळ्याला दोन.
शाळेतले मिस्टर ऑलेनशॉ सांगायचे,
एन्व्हलपचा पहिला ई तोच इथला ई, विसरू नका.
आणि चूक कशी असते ते दाखवायला
पोरांची अख्खी रांग माझ्या दारात आणायचे.
जाता जाता पोरं पेन्सिली घ्यायची.
मला काय तोटा?

रंगवली वॉल्ट स्केल्टनने. सायकलला डबे बांधून
लिंकनशायरभर फिरायचा.
खाटकाची पाटी, पबवरचा हंस,
पिंटरबीच्या अग्निशमन बंबावरचा आकडा.
हात असा, की त्याने काढलेल्या ओमध्ये
अंडं ठेवावं, हलणार नाही.
स्पेलिंगच्या नावाने मात्र आनंदीआनंद.
मी म्हटलं, वॉल्ट, तो ए.
खाली न बघता म्हणाला,
आता रंग ओला आहे. पुढच्या मंगळवारी येतो,
त्याचा ई करून देतो.

तो मंगळवार काही उगवला नाही.
कुणी म्हणतं ग्रिम्सबीला बोटीवर चढला,
कुणी म्हणतं कॅनडा.
त्याआधी एकदा विचारलं होतं त्याने.
सायकलला मागे कॅरियर आहे, एवढंच म्हणाला.
मी म्हटलं, दुकान कोण उघडेल?

मग एका फेब्रुवारीत, गिऱ्हाईक नाही, बाहेर चिखल,
न खपलेला एक जाडा शब्दकोश घेऊन बसले.
पूर्वी म्हणे विकणारे बहुतेक पाठीवर गाठोडं टाकून हिंडत.
सुया, फिती, आज इथे, उद्या तिथे.
एखादाच असायचा चर्चच्या नाहीतर विद्यापीठाच्या भिंतीशी
जागा धरून बसलेला, पोथ्या विकणारा.
परत गेलात तर सापडायचा.
म्हणून तो स्टेशनर. उभा राहिलेला.
लॅटिनमधलं उभं राहणं, ते त्याच्या नावात आलं,
नावातून त्याच्या मालात.
म्हणजे ए आणि ई एकाच आईची लेकरं,
एक धंद्याला लागलं, एक उंबऱ्यातच थांबलं.
आमच्या पाद्रीबाबांना, मिस्टर क्विल्टरना, भाषांचा नाद.
म्हणाले, हिंदुस्थानच्या जुन्या भाषेतही
उभं राहण्याला 'स्था' म्हणतात.
घराणं मोठं आहे तुमचं, मिस पॅशली.

दुसऱ्या रंगाऱ्याला सांगून ठेवलं होतं,
त्याला त्या दिवशी नको म्हणून कळवलं.

गंमत बघ. समोर, ते गाड्या धुतात ना, तिथे स्टेशन होतं.
त्याच्याही नावात उभं राहणंच.
रूळ उखडले, छप्पर भंगारात गेलं.
स्टेशन गेलं, स्टेशनरी राहिली.
मग लोकरीचं दुकान गेलं, बँक गेली,
मिस्टर ऑलेनशॉ गेले, त्यांची पोरं लंडनला गेली.
मी उभी. गुडघे गेले तेव्हा स्टुलावर.

वाट बघत होते असं समजू नकोस.
वाट बघणारा रस्त्याकडे तोंड करून बसतो,
माझं तोंड गल्ल्याकडे असायचं.
मंगळवारी तेवढं थोडं उशिरा बंद करायचे.

चल, लाव आता शिडी.
डावीकडचा खिळा गंजलाय, जपून.
फळी निघाली की मागे भिंत दिसेल,
इतकी हिरवी, की तुला वाटेल कालच रंगवली.
तिला ऊन लागलेलंच नाही.